ऑपरेशननंतरच्या तीन रात्रींसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

खुब्याचे किंवा पित्ताशयाचे ऑपरेशन ठरते आणि तपासणीत कळते, की रुग्णाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज आहेत. नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला : "भूल झेपेल ना?"

प्रश्न रास्त आहे. भूल चढताना बीपी एकदम उतरू शकते आणि लगेच श्वासनलिकेत नळी घालताना बीपी व नाडी दोन्ही उसळतात. हृदयाच्या डाव्या बाजूच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. नाडी ८० वरून १२० वर गेली की हा विसावाच आक्रसतो. काम वाढले आणि रसद तुटली! पण त्या वेळी भूलतज्ज्ञ उशाशी असतात, औषधे हाताशी असतात.

आम्हाला घोर आहे तो त्यानंतरचा. ऑपरेशनमुळे येणारे हार्ट अटॅक बहुतेक पहिल्या ४८ ते ७२ तासांत येतात, आणि अनेकदा छातीत कळ न येताच. वेदनाशामके चालू असतात, कळणार कसे? रुग्ण हुडहुडी भरून कुडकुडतो, त्याने शरीराची ऑक्सिजनची गरज वाढते, नाडी धावू लागते. थोड्या वेळाने तो निपचित पडतो आणि घरचे म्हणतात, "आत्ताच डोळा लागलाय, उठवू नका."

म्हणून आमची रुग्ण साहाय्य समिती रिकव्हरी वॉर्डासाठी निधी गोळा करत आहे. ईसीजीतील एसटी भागावर (हृदयाला रक्त कमी पडले की बदलणाऱ्या रेषेवर) सतत नजर ठेवणारे मॉनिटर, रुग्णाला ऊब देणारे गरम हवेचे ब्लोअर आणि गरजूंच्या ट्रोपोनिन तपासण्यांचा (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांचा) खर्च यांसाठी तो वापरू. विजेचा झटका देऊन हृदयाची बिघडलेली लय सावरणारा डिफिब्रिलेटर आहे, त्याची बॅटरी बदलायची आहे. (बाकावर देणगीदाराचे नाव ठसठशीत दिसते हे मान्य, पण बाक आता पुरे झाले.)

पैसे शक्य नसतील तर वेळ द्या. निवृत्त परिचारिका आणि यंत्रांची देखभाल जाणणारे यांची फार गरज आहे.

आपल्याच घरी ऑपरेशन ठरले असेल, तर अँजिओप्लास्टीचा तारखेसह कागद भूलतज्ज्ञांना आधीच दाखवा. औषधी स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी, औषधाचा लेप असलेली जाळी) बसवून सहा महिने झाले नसतील, तर थांबण्यासारखे ऑपरेशन बहुधा पुढे ढकलतात. रक्त पातळ करणारी किंवा बीटा ब्लॉकरची (नाडी व बीपी आवरणारी) चालू गोळी मनाने बंद करू नका.

देणगी धनादेशाने किंवा थेट समितीच्या खात्यात द्यावी, रोख स्वीकारली जाणार नाही. खात्याचा तपशील रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर मिळेल.

आपली,
रुग्ण साहाय्य समिती