गजर, चहा आणि खिडकी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पहाटे पाचला उठायचं तू पुन्हा ठरवलंयस म्हणे. रोज आठला उठणाऱ्याने एकदम पाचचा गजर लावणं म्हणजे घाट चढताना पहिल्यापासून पाचवा गिअर टाकणं. गाडी बंद पडते, आणि मग तू म्हणतोस, "मी आळशीच आहे."

शरीराचं घड्याळ एका रात्रीत तीन तास सरकत नाही. दर तीन दिवसांनी १५ मिनिटं त्याला झेपतात. तुझं कॉलेज साडेनऊचं, तेव्हा साडेसहा पुरे. आठवरून साडेसहा म्हणजे ९० मिनिटं; सहा टप्पे, १८ दिवस. पाचचा हट्ट सोड. तुझ्या वयाला सात ते नऊ तास झोप लागते, आणि हॉस्टेलवर साडेनऊला दिवे कोण मालवू देणार?

आधी उठण्याची वेळ पक्की कर. झोपेला हुकूम सोडता येत नाही, उठायला सोडता येतो. ठरल्या वेळी उठलास की दिवसभर जागेपण साठत जातं आणि रात्री अकराच्या सुमारास डोळे आपोआप जड होतात. रविवारी फार तर एक तास उशीर चालेल. दुपारी बारापर्यंत लोळलास तर सोमवारी घड्याळ पुन्हा मागे.

उठल्यावर पहिल्या अर्ध्या तासात १५-२० मिनिटं गच्चीवर किंवा बाहेर जा. खिडकीच्या काचेआडून तेवढं काम होत नाही. ट्यूबलाइटच्या खोलीत उजेड काहीशे लक्स असतो, बाहेर ढगाळ सकाळीही काही हजार. मेंदूतलं घड्याळ त्या उजेडावर लागतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या आसपास उगवतो, तेव्हा उठल्याबरोबर दिवे लाव आणि उजाडल्यावर बाहेर पड.

आता चहा. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला कॉफी घेतलीस तर अकराला तिच्यातलं निम्मं अंगात असतंच. झोप लागली तरी ती उथळ लागते आणि सकाळी पुन्हा कॉफी हवीशी वाटते. शेवटचा चहा दुपारी तीनला. मित्रांबरोबर रात्री टपरीवर जायचंच असेल तर जा, पण दूध घे. हसतील दोन दिवस.

हॉस्टेलच्या खाटेची खरी अडचण आहे. तीच टेबल, तीच सोफा, तीच खानावळ. दिवसभर तिच्यावर अभ्यास, जेवण आणि रील झाले की पाठ टेकल्यावर मेंदू जागाच राहतो. दिवसा तिच्यावर पलंगपोस घालून ठेव आणि खुर्चीवर बस. अंथरुणात पडून अंदाजे २० मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाच. तुमच्या अभ्यासक्रमात त्याची वाण नसावी. घड्याळाकडे मात्र बघू नकोस. "आता फक्त पाच तास उरले" हा हिशेबच झोप उडवतो.

दुपारची वामकुक्षी २० मिनिटांची, तीनच्या आत, गजर लावून. तासभर झोपलास तर गाढ झोपेतून उठून डोकं जड होतं, आणि रात्रीची झोपेची भूक दुपारीच भागते.

मोबाइलचा चार्जर दाराजवळच्या पॉइंटला लाव. उशाशी ठेवून "बघणार नाही" म्हणणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं.

२१ दिवसांत सवय लागते, यावर विसंबू नकोस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत संशोधकांचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. म्हणून चुकलास तर भरपाई म्हणून रात्री आठला आडवा होऊ नकोस. नुसता तळमळत राहशील.

वहीत चार रकाने आख: शेवटचा चहा, अंथरुणात गेलो, उठलो, डुलकी. "आज आळस केला" असं लिहू नकोस, "कॉफी ९.३०, झोप १२.५०, उठलो ७.४०" असं लिही. पहिल्यावर काही उपाय नाही. दुसऱ्यात काय हलवायचं ते दिसतं. आणि एवढं करूनही आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने झोप येत नसेल, किंवा घोरताना श्वास अडकतो असं रूममेट म्हणाला, तर डॉक्टरकडे जा. तिथे वही उपयोगी पडेल.

चिवड्याच्या डब्याखाली सेलवरचं गजराचं घड्याळ ठेवलंय. सेल वेगळा गुंडाळलाय, कुरियरमध्ये वाजायला नको. पहिला गजर पावणेआठचा लाव.

तुझी,
आई