'मॉन्स्टर हंटर'ची शिकार झोळी भरतानाच ठरते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

व्हिडिओ गेमची ओळख करून देणाऱ्या सदरांत 'मॉन्स्टर हंटर' या महाकाय प्राण्यांच्या शिकारीच्या खेळाचा विषय निघाला की 'दिसायला सुंदर, पण फार अवघड' एवढ्यावर परीक्षण आटोपते. अवघड का आणि त्यावर उपाय काय, हे कोणी सांगत नाही. मग नवखा खेळाडू पहिल्याच मोठ्या प्राण्याचा मार खाऊन खेळ कायमचा बाजूला ठेवतो. हातातल्या कन्सोलवर इतका विचारपूर्वक बांधलेला खेळ क्वचितच सापडतो, म्हणून हा पत्रप्रपंच. उदाहरणे प्लेस्टेशन पोर्टेबलवरच्या 'मॉन्स्टर हंटर फ्रीडम युनाइट'ची आहेत. कॅपकॉमचा हा खेळ जपानमध्ये २००८ साली आणि इतरत्र २००९ साली आला. आजही हातात घेऊन खेळण्याजोगा तोच सर्वांत कसदार भाग आहे, असे माझे ठाम मत आहे.

इथे शिकाऱ्याची 'लेव्हल' वाढत नाही. इतर रोल-प्लेइंग खेळांची सवय असलेले लोक किरकोळ प्राणी मारत बसतात, आणि तासाभरानंतरही त्यांची ताकद होती तेवढीच असते. वाढतात ती शस्त्रे आणि चिलखते. ती बनतात मारलेल्या प्राण्यांच्या खवल्यांपासून, हाडांपासून आणि खाणीतल्या खनिजांपासून. प्राण्याचे आयुष्य किती उरले हे दाखवणारी पट्टीही नाही. तो चिडला की तोंडातून वाफ सोडतो आणि मरणाच्या जवळ आला की लंगडत दुसरीकडे निघतो. या खुणा ज्याला वाचता येतात, त्याचे निम्मे काम झाले.

बहुतेक क्वेस्टना, म्हणजे शिकारीच्या मोहिमांना, ५० मिनिटांची मर्यादा असते. तीनदा बेशुद्ध पडलात की क्वेस्ट बुडाली, आणि दर खेपेस बक्षिसाच्या रकमेचा एक तृतीयांश कापला जातो. चौघे मिळून खेळत असाल तर हे तीन सर्वांत मिळून तीन. एकाच्याच बेफिकिरीने चौघांची मेहनत वाया जाते, म्हणून झोळीचा हिशेब आधी करावा. पोशन म्हणजे जखमा भरणारे औषध; त्याचा जोरदार प्रकार, मेगा पोशन, एका वेळी १०च नेता येतो. पण साधे पोशन आणि मध एकत्र केले की मेगा पोशन बनते. म्हणजे १० मेगा पोशनसोबत १० पोशन आणि १० मध घेतले, तर रानातच आणखी दहाएक बनवता येतात. साधे पोशन औषधी वनस्पती आणि निळे मशरूम यांतून बनते, तेव्हा ती दोन्ही घरच्या पेटीत कायम साठवावीत. मिश्रण कधी फसते आणि हाती कचरा येतो. मिश्रणाची माहिती देणारी कॉम्बो पुस्तके सोबत ठेवली तर फसण्याचे प्रमाण घटते. गावातल्या शेतावर मध वाढवण्याची सोय आहे. ती सुरुवातीलाच सुधारून घ्यावी. पुढे दुसरे काहीही इतके लागत नाही.

पोशन प्यायल्यावर शिकारी दंड फुगवून क्षणभर उभा राहतो आणि तेवढ्या वेळात त्याला हलता येत नाही. सर्वाधिक बळी इथेच जातात. मार बसला की लगेच बाटली काढायची नाही. आधी पळायचे, शक्यतो नकाशातला दुसरा भाग गाठायचा, मगच प्यायचे. शस्त्राला धार लावतानाही हेच. फक्त तलवार आणि ढाल घेणाऱ्याला शस्त्र न म्यान करता वस्तू वापरता येतात, म्हणून नवशिक्याला मी तेच शस्त्र सुचवतो.

धार लाल, केशरी, पिवळी, हिरवी, निळी, पांढरी, जांभळी अशी चढत जाते. पिवळ्याच्या खाली गेली की घावाचा जोर घटतो, आणि कठीण कवचावर शस्त्र आपटून शिकाऱ्याचा तोल जातो तो वेगळाच. 'प्राणी मरतच नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा बोथट तलवारच निघते. धारेचे दगड २०पर्यंत नेता येतात; तेवढे न्यावेतच.

तोल जाण्याचे दुसरे कारण खेळाच्या मुळातच आहे. एकदा सुरू केलेला वार मध्येच थांबवता येत नाही. ग्रेट स्वोर्ड या अवजड तलवारीचा वार बटण धरून ठेवले की तीन टप्प्यांत चढतो. तिसऱ्या टप्प्यानंतरही बटण धरून ठेवले तर जोर उतरतो, आणि तोवर प्राणी वळलेला असतो. म्हणून पद्धत अशी: प्राण्याचा हल्ला संपताना जवळ जायचे, एक वार, लोळण घेऊन बाजूला, शस्त्र म्यान. लोभाने मारलेला दुसरा वारच महागात पडतो.

स्टॅमिनाकडे, म्हणजे शिकाऱ्याच्या दमाकडे, दुर्लक्ष करणाऱ्याला लोळणही घेता येत नाही. वेळ जातो तशी स्टॅमिनाची कमाल मर्यादाच खाली येते. कच्चे मांस शेगडीवर फिरवायचे, संगीत संपल्यावर मांसाला सोनेरी रंग येताच काढायचे. नीट भाजलेला तुकडा ही मर्यादा ५०ने वाढवतो. घाई केली तर कच्चा राहतो, उशीर झाला तर करपतो. हिमपर्वतावर गरम पेय आणि ज्वालामुखीत थंड पेय हवे. वाळवंटात दिवसा थंड आणि रात्री गरम, हे पुष्कळ जण विसरतात.

टिग्रेक्स या प्राण्याविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण खेळ सोडणारे बहुधा त्याच्यापाशी सोडतात. हिमपर्वतावर पोपो नावाच्या प्राण्याच्या जिभा गोळा करण्याची एक साधी दिसणारी क्वेस्ट आहे, तिच्यातच तो अवतरतो. त्या वेळी त्याच्याशी लढायचे नसते. जिभा घ्यायच्या, पळायचे, छावणीतल्या पेटीत टाकायच्या. पुढे खरी लढत येते तेव्हा विजेचे शस्त्र न्यावे. धावून येताना तो पुन्हा वळून येऊ शकतो, म्हणून पहिल्या धावेनंतर पाठलाग करू नये. त्याच्या धावेच्या रेषेत मागे न पळता आडवे पळावे. तो पूर्ण थांबला की मगच वार.

बाकीच्या प्राण्यांच्या खोडीही अशाच ठरलेल्या आहेत. यान कुट-कुचे कान मोठे, त्याला कर्कश आवाजाच्या सॉनिक बॉम्बने भोवळ येते. डायाब्लोस वाळूखाली गेला की त्याच बॉम्बने वर येतो, पण चिडलेला असेल तर येत नाही. उडता रॅथालोस डोळे दिपवणाऱ्या फ्लॅश बॉम्बने खाली कोसळतो. खेझूला मात्र डोळेच नाहीत, त्याच्यावर तो वाया जातो. जिप्सेरॉस मेल्याचे सोंग घेतो, तेव्हा खवले काढायला सुरी घेऊन जवळ जाऊ नये.

जिवंत पकडण्याचे गणितही सोपे आहे. ट्रॅप टूल आणि जाळे मिळून पिटफॉल ट्रॅप, ट्रॅप टूल आणि जेनप्रे या प्राण्याचा दात मिळून शॉक ट्रॅप; दोन्ही सापळेच. प्राणी लंगडू लागला की सापळा लावायचा, तो अडकला की गुंगी आणणारे दोन ट्रँक्विलायझर बॉम्ब फेकायचे. एक पुरत नाही. लंगडण्याआधी फेकले तर सगळेच फुकट. कुशाला दाओरासारख्या एल्डर ड्रॅगन वर्गातल्या प्राण्यांना सापळा लागूच होत नाही. शेपटीचे सामान हवे असेल तर पकडण्याआधीच धारदार शस्त्राने ती तोडून तिच्यातून काढून घ्यावे. हातोड्याने शेपटी तुटत नाही, पण तो डोक्यावर मारल्यास प्राणी गरगरतो. मारलाच असेल तर शेवटच्या घावानंतर सामान काढायला एक मिनिट मिळते.

चिलखताचे पाच भाग निवडताना केवळ संरक्षणाचा आकडा पाहू नये. एखाद्या कौशल्याचे १० गुण भरले तरच ते लागू होते. ९ गुणांना काही किंमत नाही. उलट उणे १० झाले तर दोष चिकटतो. एक-दोन गुण कमी पडत असतील तर खाचांत दागिने बसवून भरून काढावेत.

एकट्याने खेळणाऱ्याने सुरुवात गावच्या क्वेस्टपासून करावी. गॅदरिंग हॉल या एकत्र खेळण्याच्या जागी मिळणाऱ्या क्वेस्टमधले प्राणी चौघांच्या हिशेबाने बनवलेले आहेत आणि एकटे गेलात म्हणून त्यांचे आयुष्य घटत नाही. ही एक ओळ परीक्षणात छापली असती, तरी कितीतरी जण टिकले असते.

नंतरच्या भागांनी पुष्कळ कष्ट कमी केले. २०२१च्या 'मॉन्स्टर हंटर राइज'मध्ये धारेचे दगड संपत नाहीत, गरम-थंड पेयेही लागत नाहीत. चालता चालता औषध पिता येते, ही सुधारणा मला मान्य आहे. पण पेयांसोबत प्रदेशाची धास्तीही गेली, याचे वाईट वाटते.

आपल्या सदरात तारांकनाला देता तेवढी जागा तरी अशा माहितीला द्यावी, ही विनंती. चौघांनी मिळून खेळायचे असेल तर तेही स्पष्ट सांगावे: प्रत्येकाकडे स्वतःचा कन्सोल आणि स्वतःची प्रत लागते, आणि सगळ्यांनी जवळ बसावे लागते. वायरलेसचे बटण चालू असूनही एकमेकांचे कन्सोल दिसत नसतील, तर सेटिंगमध्ये ॲड हॉक चॅनेल, म्हणजे कन्सोल थेट एकमेकांशी जोडण्याचा क्रमांक, पाहावे. एकाचे १ आणि दुसऱ्याचे ११ असेल तर भेट होत नाही. सर्वांनी एकच क्रमांक ठेवावा.

आपला,
एक वाचक