पुस्तकामागच्या माणसांचा माग काढ

प्रिय अनघा,

तुझं पत्र पोचलं. ‘वाचते पुष्कळ, पण सगळं एकाच चवीचं लागतं’ असं तू लिहिलंयस, आणि यंदा एखाद्या साहित्य महोत्सवाला जावं का, हेही विचारलंयस. या दोन्हींचं उत्तर माझ्या मते एकच आहे. पुस्तकांच्या याद्यांमागे धावणं सोड आणि पुस्तकामागच्या माणसांचा माग काढ: अनुवादक, संपादक, प्रकाशक, परीक्षक, मुलाखतकार. लेखकाचं नाव आपल्या लक्षात राहतंच. ही बाकीची मंडळी मात्र आपण पाहतसुद्धा नाही, आणि नवं वाचन बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच येतं.

एकच चव का येते, तेवढं आधी सांगते. पुस्तकं विकणाऱ्या संकेतस्थळांवर ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं’ अशा शिफारशी असतात. त्या मुख्यतः खरेदीच्या नोंदींवर चालतात. कमी खपलेल्या पुस्तकाच्या नोंदीच थोड्या, म्हणून ते कुणाला फारसं दाखवलं जात नाही. आणि दिसत नाही म्हणून खपत नाही. त्यामुळे तिथे कितीही तास घालवलेस तरी गाजलेल्या पुस्तकांच्या आवाराबाहेर पाऊल पडणं कठीण.

सुरुवात तुझ्याच कपाटापासून कर. मनापासून आवडलेली तीन पुस्तकं काढ, त्यांतलं निदान एक अनुवादित असू दे. मुखपृष्ठ उलटल्यावर आत बारीक टाइपातलं एक पान असतं, प्रकाशक, मुद्रक, हक्क, आवृत्ती वगैरेंचं. ते सावकाश वाच. पहिली आवृत्ती कधीची, हातातली प्रत पुनर्मुद्रण आहे की सुधारित आवृत्ती, हे तिथे कळतं. परदेशी पुस्तकांत याच पानावर बऱ्याचदा 10 9 8 7 असे उतरते आकडे असतात. त्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे कितवी छपाई. अनुवादित पुस्तकात मूळ नाव, मूळ प्रकाशनाचं वर्ष आणि अनुवाद कोणत्या भाषेवरून केला ते शोध. जपानी कादंबरी थेट जपानीवरून आली की इंग्रजीवरून, याने वाक्यावाक्यात फरक पडतो. हे कुठेच छापलेलं नसेल तर अनुवाद बहुधा मधल्या भाषेवरून झालाय असं धरून चाल.

त्याच पानावर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक असतो. 2007पासून तो 13 अंकी झाला, 978 किंवा 979ने सुरू होणारा; त्याआधी 10 अंकी होता. हा क्रमांक कलाकृतीचा नसतो, त्या विशिष्ट आवृत्तीचा असतो. पुठ्ठा बांधणीचा वेगळा, साध्या बांधणीचा वेगळा, ई-पुस्तकाचा वेगळा. फसगत इथेच होते. एकाच अभिजात कादंबरीचे चार अनुवाद असतात, आणि विक्रीच्या पानावर चौघांचे अभिप्राय एकत्र मिसळलेले असतात. तू कौतुक वाचतेस एका अनुवादाचं आणि घरी येतो दुसराच. म्हणून मागवताना अनुवादकाचं नाव आणि आयएसबीएन दोन्ही ताडून बघ.

आता त्या तीन पुस्तकांतून अनुवादकांची आणि प्रकाशकांची नावं एका कागदावर लिही. संपादकाचं नाव पानावर नसलं तर ऋणनिर्देशात सापडतं. लेखक तिथे ‘हस्तलिखित तीनदा वाचणाऱ्या’ कुणाचे तरी आभार मानतोच. मग वर्ल्डकॅटवर जा. जगभरातल्या हजारो ग्रंथालयांच्या नोंदी तिथे एकत्र आहेत. शोधताना लेखकाच्या जागी अनुवादकाचं नाव घाल. चांगला अनुवादक मिळेल ते काम उरकत नाही. कितीतरी वेळा तोच प्रकाशकाच्या मागे लागून एखादा लेखक आणवतो. त्यामुळे त्याच्या कामांची यादी म्हणजे एका जाणकार वाचकाची निवड असते. मला तर अनुवादकाचा माग हा नव्या वाचनाचा सगळ्यांत भरवशाचा रस्ता वाटतो. प्रकाशकाचं तसं नाही. मोठ्या प्रकाशनसंस्थेचा पसारा इतका असतो की नावावरून काही कळत नाही. वर्षाला मोजकी पुस्तकं काढणारी छोटी संस्था असेल तर मात्र तिची सगळी यादी मुळापासून वाचून काढ.

ग्रंथालयात गेलीस तर कपाटांवरच्या क्रमांकांचा उपयोग कर. मेल्विल ड्यूईने 1876 साली प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणात साहित्याला 800चा वर्ग आहे, आणि पुढचे आकडे भाषा सांगतात: 891.46 मराठी, 891.44 बंगाली, 891.7 रशियन, 891.85 पोलिश, 895.6 जपानी, 895.7 कोरियन. या पद्धतीत अनुवाद मूळ भाषेच्या क्रमांकाखाली ठेवतात, म्हणून मराठीत आलेली रशियन कादंबरी मराठीच्या कपाटात नसेल तर 891.7 बघ. अनेक सार्वजनिक ग्रंथालयं कथा-कादंबऱ्या क्रमांक न लावता आडनावांनुसार मांडतात. तिथे हा उपाय चालत नाही, ग्रंथपालांना विचारणं बरं. आणि 808.8ला थांबल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. तिथे अनेक भाषांमधल्या लेखनाचे संकलनग्रंथ असतात. एका चांगल्या संकलनातून वीस लेखकांची चव थोडक्या वेळात कळते, आणि संकलक हा आणखी एक माणूस तुझ्या कागदावर चढतो.

पुरस्कारांकडेही याच नजरेने बघ. बुकर या इंग्रजी कादंबऱ्यांच्या पुरस्काराची लांब यादी साधारण 13 पुस्तकांची, त्यातून 6 निवडली जातात, शेवटी एक. पाच परीक्षकांना एका नावावर यायचं असतं, तेव्हा एखाद्याला अतिशय आवडलेलं पण दुसऱ्याला न झेपलेलं पुस्तक वाटेत गळतं. तसलंच पुस्तक तुला हवंय. म्हणून विजेत्याऐवजी लांब यादी वाच, आणि त्यातही छोट्या प्रकाशकाचं पुस्तक आधी उचल. परीक्षक दरवर्षी बदलतात, तेव्हा पुरस्काराच्या नावापेक्षा त्या वर्षी निवड कुणी केली ते महत्त्वाचं. आंतरराष्ट्रीय बुकर 2016पासून दरवर्षी एका अनुवादित पुस्तकाला मिळतो आणि रक्कम लेखक-अनुवादकांत समसमान वाटली जाते. त्याची यादी म्हणजे अनुवादकांच्या नावांचा आयता साठा. डब्लिन लिटररी अवॉर्डला नामांकनं जगभरातली सार्वजनिक ग्रंथालयं करतात, त्यामुळे तिथे प्रकाशकांच्या जाहिरातीबाहेरची नावं दिसतात. आणि नोबेलची एक गंमत सांगते. नामांकनं 50 वर्षं गोपनीय ठेवतात, मग ती पुरस्काराच्या अधिकृत संकेतस्थळावर खुली होतात: कोणत्या वर्षी कुणी कुणाचं नाव सुचवलं, सगळं. न मिळालेल्यांची ती यादी चाळ. एकेका भाषेतला, आपल्या कानावरही न आलेला केवढा मोठा लेखक तिथे भेटतो!

नियतकालिकांपैकी वर्ड्‌स विदाउट बॉर्डर्स (2003पासून) आणि असिम्टोट (2011पासून) ही दोन्ही ऑनलाइन आहेत आणि अनुवादित साहित्यालाच वाहिलेली आहेत. अंक उघडलास की शेवटच्या लेखक-अनुवादक परिचयापासून सुरुवात कर. ‘सध्या अमुक कादंबरीचा अनुवाद करत आहेत’ असं तिथे लिहिलेलं असतं. पुस्तक बाजारात येण्याआधी त्याची खबर लागते ती अशी.

नवं वाचायचं म्हणजे काही पुस्तकं अर्ध्यावर सोडावी लागणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. नॅन्सी पर्ल या अमेरिकी ग्रंथपालांचा नियम प्रसिद्ध आहे: पन्नाशीपर्यंत 50 पानं वाचायची आणि पकड घेतली नाही तर सोडायचं, पन्नाशी उलटली की 100मधून वय वजा करायचं, उरतील तेवढी पानं. मी यात एक अपवाद करते. अनोळखी भाषेतली, बऱ्याच पात्रांची कादंबरी पहिल्या 50 पानांत नावांमुळेच अडखळवते. तिथे खुणेच्या पट्टीवर पात्रांची नावं आणि नाती लिहित जा आणि 80 पानांपर्यंत वेळ दे. दुकानात पुस्तक चाळताना पहिलं पान वाचून ठरवू नकोस. पहिल्या पानावर सगळेच जीव ओततात. साधारण एक तृतीयांश पुस्तकानंतरची, संवाद असलेली दोन पानं वाच. तिथे लेखकाचा हात कळतो, अनुवादकाचा तर लगेच कळतो.

आता महोत्सव. जा, जरूर जा. पण तयारीने जा, नाहीतर दिवसभर मंडपामंडपांतून फिरून पाय तेवढे दुखतील.

आधी समारंभ कशाचा आहे ते बघ. फ्रँकफर्टचा ऑक्टोबरमधला पुस्तक मेळा मुख्यतः व्यवसायाचा, हक्कांच्या खरेदी-विक्रीचा. एडिंबरा (1983पासून), वेल्समधलं हे-ऑन-वाय (1988पासून) किंवा जयपूर (2006पासून) हे महोत्सव वाचकांसाठी, लेखकांच्या सत्रांचे. फ्रँकफर्टला न जाताही त्याचा उपयोग होतो. दरवर्षी तिथे एक सन्माननीय पाहुणा देश असतो, आणि त्या निमित्ताने त्याच्या भाषेतून अनुवादांची लाट येते. 2024ला इटली होता, 2025ला फिलिपिन्स. पाहुणा कोण ते कळलं की पुढच्या दोन वर्षांत कुठलं साहित्य येणार याचा अंदाज बांधता येतो.

सत्रं निवडताना व्यासपीठावरची डोकी मोज. तासाभराचं सत्र धर. ओळख पाच मिनिटं, शेवटचे प्रश्न पंधरा, उरली चाळीस. पाच वक्ते असले तर प्रत्येकाला आठ मिनिटं. त्यात कुणी काय सांगणार? तीच चाळीस मिनिटं एका लेखकाशी एकाच मुलाखतकाराने बोलण्यात गेली, तर पुस्तक आतून उलगडतं. म्हणून दोघांच्या गप्पांचं सत्र पहिलं, लेखक आणि त्याचा अनुवादक एकत्र असतील तर सगळ्यांत पहिलं. मोठ्या सभागृहातला नामवंत टाळ. तो नंतर ध्वनिचित्रफितीत दिसेल. छोट्या खोलीतलं सत्र बहुधा कुणी चित्रित करत नाही.

दिवसाला तीन सत्रं पुरे, मध्ये निदान अर्धा तास मोकळा ठेवून. चौथ्या सत्रापर्यंत कान थकतात आणि सगळे वक्ते एकमेकांत मिसळतात. प्रत्येक सत्राआधी त्या लेखकाची तीस-चाळीस पानं वाचून जा. पूर्ण पुस्तक वाचायची गरज नाही, वाक्याची चाल कळली की पुरे. वहीत भाषण उतरवू नकोस, फक्त नावं टिप. बोलता बोलता लेखक दुसऱ्या कुणाचं तरी पुस्तक सांगून जातो. त्या नावांसाठी तर आपण आलेलो असतो. परकी नावं ऐकून लिहिताना हमखास चुकतात, म्हणून सत्र संपल्याबरोबर सूत्रसंचालकाला गाठून खात्री करून घे. संध्याकाळी घरी शोधत बसलीस तर चुकीच्या स्पेलिंगने काही सापडणार नाही. आणि चांगल्या सूत्रसंचालकाचंही नाव लिहून ठेव. ज्याने पुस्तक खरोखर वाचलंय तो पहिल्या दोन प्रश्नांतच ओळखू येतो, आणि पुढच्या वर्षी तो ज्यांच्याशी बोलणार असेल त्यांची पुस्तकं डोळे मिटून घ्यावीत.

प्रश्न विचारायची संधी मिळाली तर एका वाक्यात विचार, आणि हा विचार: ‘तुमच्या भाषेतलं असं कोणतं पुस्तक आहे, जे अजून कुणी अनुवादित केलेलं नाही पण व्हायला हवं?’ लेखक स्वतःच्या पुस्तकाबद्दल तीच तीच उत्तरं देऊन कंटाळलेला असतो. या प्रश्नावर चेहरा फुलतो, आणि तुला तीन-चार नावं मिळतात.

महोत्सवातल्या पुस्तकांच्या दालनात बहुतेक वक्त्यांचीच पुस्तकं असतात. छोट्या प्रकाशकांच्या प्रती थोड्या येतात आणि सत्र झाल्याबरोबर संपतात, तेव्हा तेवढी सत्राआधी घे. बाकीची कुठेही मिळतील.

वाचनगटाचंही तू विचारलंयस. सहा ते आठ जण, दीड तास, दर पाच-सहा आठवड्यांनी. दहाच्या वर गेलं की दोघंच बोलतात. पुस्तक मतदानाने निवडू नका. मतदानात कुणालाच न खटकणारं पुस्तक जिंकतं. पाळीपाळीने एकेकाने ठरवावं, बाकीच्यांनी मान्य करावं. 250 पानांच्या आसपासचं, आणि आठ प्रती मिळताहेत याची आधी खात्री करून. सुरुवातीला कुणीतरी एक उतारा मोठ्याने वाचावा, म्हणजे चर्चा ‘आवडलं-नाही आवडलं’च्या पुढे जाते.

शेवटी, वाचलेल्या पुस्तकांच्या नोंदींची वही. पुस्तकाचं नाव, अनुवादक, वाचल्याची तारीख आणि चौथा रकाना: कुणामुळे कळलं. हा चौथा रकाना लोक ठेवत नाहीत. वर्षभराने तो बघितलास की कुणाच्या सांगण्यावरून घेतलेली पुस्तकं तू पूर्ण वाचलीस आणि कुणाची अर्धवट राहिली ते समोर येतं. त्याप्रमाणे माणसं ठेव, काढ. काढताना भीड धरू नकोस. गाजलेला समीक्षक असला तरी त्याची आणि तुझी आवड जुळेलच असं नाही.

त्या तीन पुस्तकांतून निघालेली नावं मला कळव. अनुवादकांपैकी कुणी माझ्याही वहीत असेल, तर त्याचं पुढचं काय वाचायचं ते उलट टपाली लिहिते.

तुझी,
मेधा