निपाणीच्या आक्कांस, माळावरनं

आक्का, रामराम.

हे पत्र नातीकडून वाचून घ्या. तुम्ही शिकवलंत त्याबद्दल समोर आभार मानायला गेलो की तुम्ही "बास की आता" म्हणून उठून जाता, म्हणून सगळ्यांच्या देखत लिहितोय.

तंबाखू बंद करून त्या दीड एकरात म्हशींच्या चाऱ्यासाठी अंजन गवत करायचं ठरवलं, तेव्हा मला वाटलं होतं, गवतच ते, फोकलं की येतंय. मृगाच्या पहिल्या पावसात बी टाकलं, वर अर्धकच्चं शेणखत. महिन्यात केना, माठ आणि काँग्रेस गवत असलं तण गुडघ्याला लागलं, अंजन हुडकावं लागत होतं. मग रुंद पानाचं तण मारणारं औषध, टू-फोर-डी, मारलं. काँग्रेस वाळलं, पण अंजनात मिसळून पेरलेला स्टायलो, चाऱ्याचंच शेंगवर्गी पीक, तोही गेला. तोही रुंद पानाचाच! दुकानदाराचा दोष नाही, स्टायलोचं मी त्याला बोललोच नव्हतो.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात वळीव झाला आणि मी बियाची पिशवी घेऊन निघालो, तर तुम्ही बांधावरनं हाक मारलीत, "आधी तण उगवू दे, मग बघ." पंधरा दिवस थांबलो. रान हिरवंगार झालं, तेव्हा कुळव घातला, तोही वरवर. खोल गेला तर खालचं तणाचं बी वर येतं, हे तुमचंच. पुढच्या पावसाला परत तेच. मग ते लवदार, हाताला चिकटणारं बी ओलसर मातीत चोळून उथळच टाकलं.

खुरपणीला तुम्ही मला शेजारी बसवलंत. एक काडी माझ्या बोटांत दिलीत, फिरवायला लावलीत. तीन कडा लागल्या. "हा लव्हाळा. ही गोल लागली तर गवत, ठेव." नुसता उपटला तर खाली गाठ राहते म्हणून खुरपं खोल घालून काढलात. काँग्रेस मात्र फुलं यायच्या आत, ओल असताना, हाताला पिशवी बांधून. एका झाडाला हजारो बिया! आयुष्यभर तंबाखूचे शेंडे खुडलेला हात, एकही अंजन चुकून निघालं नाही.

वर्षभर जनावरं आत सोडू दिली नाहीत, मुळासकट उपटतात म्हणून. मी कुरकुरलो होतो, आठवतंय ना?

काल पहिली जाड कापणी झाली. तुमच्या शेळीला दोन पेंढ्या दारात ठेवल्यात. उरलेल्या अर्ध्या एकराला पुढचा वळीव धरणार आहे, कुळव जोडायच्या आधी हाक मारीन.

तुमचाच, शेजारचा
धाकटा