नुरा गोलाचं कौतुक कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान तीनवर, शाळेच्या ‘समावेशक’ सामन्यात डाउन सिंड्रोम असलेल्या एका मुलानं गोल मारल्याचा चार कॉलमी फोटो छापून आपण ‘एका गोलाने जिंकली मने’ असा मथळा दिला आहे. निम्म्या नातेवाइकांनी तो मला सकाळीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, खाली जोडलेले हात आणि रडके चेहरे. माझा मुलगाही ‘तसाच’ असल्यामुळे अशा बातम्या आमच्याकडे न चुकता पोचतात. दुधवाला चुकतो, या चुकत नाहीत.

त्या फोटोतला गोलकीपर आपण पाहिलात का? सगळ्यांनी त्या मुलाचा चेहरा पाहिला असणार, मी गोलकीपर पाहिला. डावा हात कमरेवर, उजव्या हाताच्या ग्लोव्हजचा पट्टा दातांनी ओढतोय आणि बॉल त्याच्या बुटापासून वीतभर अंतरावरून आत चाललाय. आमच्या पेठेतलं पाचवीतलं पोरगंसुद्धा सांगेल, हा गोल झालेला नाही, सोडलेला आहे.

कोल्हापूरच्या माणसाला हे आणखी फोड करून सांगायला नको. खासबागेच्या आखाड्यात नुरा, म्हणजे आधीच ठरवून केलेली, कुस्ती लागली तर पब्लिक फेटे उडवत नाही, शिव्या घालतं आणि तिकिटाचे पैसे परत मागतं. मग शाळेच्या मैदानावर नुरा गोल झाला की आपल्या डोळ्यांत पाणी कसं येतं, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

एवढ्या तिडिकीनं लिहायचं कारण, हाच प्रकार आमच्या घरात होऊन गेला आहे. आमच्या मुलाला बौद्धिक अक्षमता आहे. बोलायला वेळ लागतो, घड्याळ कळत नाही, सुट्टे पैसे परत घ्यायचे राहतात. फुटबॉल मात्र कळतो. लहानपणापासून मामाबरोबर शाहू स्टेडियमवर बसलेला आहे. गल्लीत त्याला कुणी कच्चं लिंबू म्हणून खेळवलं नाही. डाव्या बाजूला बॅक खेळतो, बॉल सुटला की बाकीच्यांइतक्याच शिव्या खातो, आणि त्याचं त्याला काही वाटत नाही.

त्याच्या शाळेनं (नाव लिहीत नाही, मुलगा अजून तिथेच शिकतो) असाच एक ‘समावेशक’ सामना ठेवला होता. आदल्या रात्री यानं स्टॉकिंग्ज स्वतः धुऊन गॅलरीत वाळत घातले. दुसऱ्या दिवशी सरांनी त्याला बाहेर बसवून ठेवलं ते प्रमुख पाहुणे येईपर्यंत. पाहुणे आले, हारतुरे झाले, मग याला आत घेतलं, तेही बॅकला नाही, थेट पुढे. समोरच्या पोरांनी वाट करून दिली. कुणीतरी बॉल त्याच्या पायाशी आणून ठेवला. त्यानं मारला, तर गोलकीपर उलट्या बाजूला आडवा झाला. शिट्टी, टाळ्या, लाउडस्पीकरवर नावाचा पुकारा, पाहुण्यांचा रुमाल डोळ्यांना.

आमच्या मुलानं जाळीतून बॉल काढला, गोलकीपरच्या हातात नेऊन दिला आणि म्हणाला, “नीट थांब. परत मारतो.” गोलकीपर हसला. मग मुलगा जे बोलला ते आपल्या दैनिकात छापता येणार नाही. तो शब्द तो स्टेडियमवरच शिकला आहे आणि अगदी बरोबर जागी वापरला, एवढंच आई म्हणून सांगते.

दुसऱ्या दिवशी आम्हाला ऑफिसात बोलावणं. “ही मुलं अशी अचानक चिडतात, आम्हाला आधी कल्पना द्यायला हवी होती.” अचानक? त्याला सगळ्या गावादेखत फसवलं होतं, आणि ते त्या अख्ख्या मैदानावर फक्त त्याला कळलं होतं. तेव्हापासून तो संघात नाही, ‘त्याच्याच सुरक्षिततेसाठी’. गोलकीपरला गॅदरिंगमध्ये खिलाडूवृत्तीचं पदक मिळालं.

चोर सोडून संन्याशाला फाशी ही या मुलांच्या बाबतीत जुनीच रीत आहे म्हणा. २००० साली सिडनीच्या पॅरालिम्पिकमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या बास्केटबॉलमध्ये स्पेननं सुवर्ण जिंकलं. नंतर उघड झालं की बारापैकी दहा खेळाडू धडधाकट होते. लबाडी त्यांची, पण बौद्धिक अक्षमता असलेल्या सगळ्याच खेळाडूंना पॅरालिम्पिकची दारं बंद झाली ती थेट २०१२ च्या लंडनपर्यंत.

आता ही मुलं आणि बाकीची एकत्र खेळतात त्या मिश्र संघाबद्दल. माझा त्याला विरोध आहे असं कृपया समजू नये, हवाच आहे. पण तो कसा असतो हे बातमीदारानं कुणाला विचारायला हरकत नव्हती. १९६८ साली युनिस केनेडी श्रायव्हर यांनी शिकागोत ज्या स्पेशल ऑलिम्पिक्सचे पहिले सामने भरवले, ती मंडळी या प्रकाराला ‘युनिफाइड’ म्हणतात आणि त्याचे चोख नियम आहेत. सात जणांच्या फुटबॉलमध्ये मैदानात चार खेळाडू बौद्धिक अक्षमता असलेले आणि तीन जोडीदार, म्हणजे ती नसलेले. बास्केटबॉलला तीन आणि दोन, व्हॉलीबॉलला तीन आणि तीन. पाहुणे आल्यावर पाच मिनिटं नव्हे, पहिल्या शिट्टीपासून. वयानं आणि खेळानं पोरं जवळपासची निवडायची. जोडीदारानं सगळा बॉल स्वतःकडे ओढायचा नाही, तसंच उपकार केल्यासारखं बाजूलाही व्हायचं नाही. स्पर्धेआधी छोट्या लढती घेऊन संघ पारखतात आणि तोलामोलाचे एका गटात टाकतात, म्हणजे कुणाला मुद्दाम हरायची वेळच येत नाही. हरायचं ते खरं, जिंकायचं तेही खरं.

जून २०२३ मध्ये स्पेशल ऑलिम्पिक्सच्या जागतिक स्पर्धेतून, बर्लिनहून, आपला भारतीय संघ २०२ पदकं घेऊन आला, त्यातली ७६ सोन्याची. तिथल्या किती गोलकीपरांनी कमरेवर हात ठेवले होते? त्या पदकांना आपण किती कॉलम दिले होते तेही एकदा फाईल काढून पाहावं.

शाळांना हे करायचं तर डोकं लावावं लागतं, आठवड्याला सराव लागतो. फोटोला काही लागत नाही. आमच्याकडे एका पालकसभेत मी युनिफाइडचा विषय काढला तेव्हा एका बाईंचा पहिला प्रश्न होता, “जोडीदार म्हणून खेळलं तर दहावीला मार्क मिळतात का?” मी त्यांना नावं ठेवत नाही. निदान प्रश्न तरी सरळ होता. सरांनी तर “तीन डिसेंबरला बघू” म्हणून विषय मिटवला. जागतिक दिव्यांग दिन वर्षातून एकदाच येतो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मात्र रोजचा आहे आणि त्याच्या सोळाव्या कलमात सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या शाळांनी या मुलांना खेळाची संधी इतरांच्या बरोबरीनं द्यायची असं लिहिलं आहे. बरोबरीनं म्हणजे बॅकला खेळणाऱ्याला बॅकला, आणि आडवं बोलला तर पिवळं कार्ड. ते दाखवलं असतं तर तो गपगुमान मागे गेला असता. कार्डाचा मान त्याला कळतो.

आपल्या बातमीत त्या मुलाचं नाव, आडनाव, इयत्ता आणि डाउन सिंड्रोम असल्याचा उल्लेख, सगळं आहे. त्याच्या आईवडिलांना विचारलं होतं का? गोलकीपरचं नाव तेवढं नाही. शिवाय फोटोखालच्या मजकुरात मित्रांनी त्याला ‘हवेत उडवून झेलले’ असं कौतुकानं लिहिलंय. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतला वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो, म्हणून खेळायला उतरवण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घेतात. झेलणाऱ्या मित्रांना हे ठाऊक नसेल, ती पोरं आहेत. पाहुणे, सर आणि छायाचित्रकार तर मोठे होते.

लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. ज्या मैदानावर हा मनं जिंकणारा सोहळा झाला तेच मैदान दिवाळीत सेल-प्रदर्शनाला भाड्यानं दिलं होतं. मंडप कधीच उठला, बांबूंचे खड्डे तसेच आहेत आणि पेनल्टी बॉक्समध्ये अजून खिळे सापडतात. आमच्या मुलाला संध्याकाळी तिथे सरावाला नेते तेव्हा आधी दोघं मिळून वेचतो. याबद्दल मी मागे आपल्याला पत्र पाठवलं होतं, ते आलं नाही. बहुधा त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. आपला छायाचित्रकार पुन्हा त्या बाजूला जाणार असेल तर त्या खड्ड्यांचाही एक फोटो घ्यावा. जाताना चप्पल नको, बूट घालून जावं.

आपली,
एक आई, शिवाजी पेठ, कोल्हापूर
(नाव-पत्ता सोबत दिला आहे, छापू नये.)