कादीकोयच्या बोटीवर भेटलेल्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

निरोप घेताना आम्ही तुमचा पत्ता मागितला, तेव्हा तुम्ही हसून नुसता हात हलवलात, म्हणून हे पत्र असे सर्वांसमक्षच लिहीत आहे. इस्तंबूलहून परतून आम्ही चौघी मैत्रिणी आपापल्या घरी रुळलो असलो, तरी फोनवर बोलणे सुरू झाले की तुमचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही.

आमच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटचा दिवस ‘मोकळा’ होता. त्याआधी हागिया सोफिया, निळी मशीद, तोपकापी राजवाडा हे सारे आम्ही व्यवस्थापकांच्या हातातल्या झेंड्यामागे जवळजवळ धावतच पाहिले होते. आमच्यातल्या एका मैत्रिणीचे गुडघे दुखरे आहेत. तोपकापीचे एकामागून एक येणारे चार चौक ओलांडताना ती मागे पडली, तेव्हा ‘काकू, तुमच्यामुळे सगळे थांबलेत हो,’ हे वाक्य तिला तीसेक माणसांदेखत ऐकावे लागले. मोकळ्या दिवसाच्या आदल्या रात्री आम्ही बोटीने पलीकडे, आशियाच्या किनाऱ्यावरच्या कादीकोयला, कसे जायचे असे विचारले, तर ‘काकूंना हॉटेलवर आराम करू द्या, तुम्ही तिघी फिरून या,’ असा सल्ला मिळाला आणि ती बिचारी तो ऐकायला तयारही झाली. सांभाळून नेण्याचे पैसे ज्यांनी घेतले होते त्यांची ही तऱ्हा, आणि ज्यांचे आमच्याशी काडीचेही नाते नव्हते त्या तुम्ही! हा फरक अजून मनातून जात नाही.

एमिनोनूच्या धक्क्यावर बॉस्फरस सामुद्रधुनीच्या सफरी विकणाऱ्यांनी आम्हाला चहूबाजूंनी घेरले होते. हातात मसाल्याच्या बाजारातून भरून आणलेली पिशवी घेऊन तुम्ही त्या गराड्यात शिरलात, ‘कादीकोय?’ एवढेच विचारलेत आणि आम्हाला रोजच्या उतारूंच्या बोटीवर घेऊन गेलात. ते वीसेक मिनिटांचे अंतर हा आमच्या सगळ्या सहलीतला सर्वांत सुंदर प्रवास ठरला. सीगल पक्षी सिमितचे, म्हणजे तीळ लावलेल्या गोल पावाचे, तुकडे हवेतल्या हवेत झेलत होते. युरोपचा किनारा मागे पडत होता, आणि आशियाच्या किनाऱ्यावर पाण्यात लाकडी खांब ठोकून उभारलेले हैदरपाशाचे भव्य रेल्वे स्थानक पुढे येत होते. २०१० च्या आगीत त्याचे छप्पर जळाले, हे सांगताना तुमचा आवाज बदलला. अनातोलियातल्या गावाहून आईचे बोट धरून तुम्ही याच स्थानकात उतरला होतात, आणि समुद्र आयुष्यात पहिल्यांदा पाहिलात तो त्याच्याच पायऱ्यांवरून, असे तुम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलेत. आम्हाला मात्र सगळे समजले.

पण मला लिहायचे आहे ते मोडा भागाकडे जाणाऱ्या चढाविषयी. मैत्रिणीची चाल मंदावली, ती ओठ घट्ट मिटून चालू लागली, आणि आता ती ‘तुम्ही पुढे व्हा’ म्हणणार हे आम्ही तिघींनी ओळखले. ती काही बोलण्याच्या आतच तुम्ही एका घराच्या बुटक्या भिंतीवर टेकलात, पिशवी खाली ठेवलीत, कपाळाचा घाम पुसलात आणि तुम्हालाच दम लागला आहे अशी खूण केलीत. मैत्रीण निमूटपणे तुमच्या शेजारी बसली. पुढे त्या रस्त्यावर तुम्ही आणखी काही वेळा अशाच ‘दमलात’, आणि प्रत्येक वेळी तिचे गुडघे बोलू लागण्याच्या किंचित आधी. मधूनच एक मांजर तुमच्या मांडीवर चढून बसले, तेव्हा तर उठण्याची घाई करण्याचे कारणच उरले नाही. तुम्ही दमला नव्हतात, हे तिलाही कळत होते; पण त्या दिवशी तिच्यामुळे कोणी थांबले नव्हते, सगळ्या तुमच्यासाठी थांबल्या होत्या.

आम्ही शाकाहारी आहोत हे कळल्यावर मसुराच्या सूपमध्ये मांसाचा रस्सा घातलेला नाही ना, हे तुम्ही थेट खानावळीच्या स्वयंपाकघरात जाऊन विचारून आलात. मोडाच्या चहाबागेत मार्मारा समुद्राकडे तोंड करून आपण कमरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यांतून तो बिनदुधाचा चहा प्यायलो. (चहा आम्हाला आवडला नाही, हे आता सांगायला हरकत नाही, तरी आम्ही तो दोनदा घेतला.) पैसे द्यायला गेलो, तर तुम्ही ते केव्हाच देऊन टाकले होते.

मदत करणारी माणसे जगात पुष्कळ असतात, परंतु ज्याला मदत करायची त्याची मान खाली जाऊ नये याची काळजी घेणारी थोडी. सौजन्य हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. काउंटरमागचे हसू आणि गाडीत वाटलेली पाण्याची बाटली यांनाही आता तोच शब्द लावतात. तुमच्या वागण्याला तो लावताना मला थोडा संकोच वाटतो.

मैत्रिणीने ही आपली शेवटची सहल असे ठरवून टाकले होते. ते आता रद्द झाले आहे, आणि पुढच्या सहलीची चौकशी करताना तिने पहिला प्रश्न विचारला तो मोकळे दिवस किती, हा. तुम्ही पुण्याला मात्र जरूर या. इथे पर्वतीच्या टेकडीला १०३ पायऱ्या आहेत. वाटेत हवे तितक्या वेळा बसू आणि वर पोहोचल्यावर दुधाचा चहा पाजू. पैसे आम्ही देणार.

तुमच्या ऋणात असलेल्या,
पुण्याच्या चौघी मैत्रिणी