वाचनाचा वेग आणि अर्थ
‘मिनिटाला किती शब्द’ यावर विद्यार्थ्यांची प्रगती जोखण्याचे समर्थन करणारा आपल्या पुरवणीतील लेख पटला नाही. मुलांना पायाभूत वाचन-गणित यावे म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत असे लक्ष्य आहे. पण ते अर्थ समजून, ही अटही त्यातच आहे. लेखात तिचा उल्लेखच नाही. आमच्या किनाऱ्यावरची मुले ‘रापण ओढली, पण जाळे रिकामेच आले’ हे वाक्य (रापण म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून केलेली मासेमारी) घडाघडा वाचतात. मासळी मिळाली का, असे विचारले की गप्प. रापण दारात असूनही! अक्षरे, काना-मात्रा पक्के हवेतच, त्याबद्दल दुमत नाही. मात्र तपासणीला येणाऱ्यांनी घड्याळ बाजूला ठेवून दोन प्रश्न विचारावेत आणि मालवणीत दिलेले उत्तरही ग्राह्य धरावे.

– एक निवृत्त शिक्षिका, मालवण